हाताची वाट पाहताना

हे सावकाश वाचा. घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं असेल आणि एक हात पडून राहिला असेल, तर त्या माणसाच्या शेजारी बसून वाचा. मोठ्यानं वाचलंत तर अधिक चांगलं. आता घाईत असाल तर ठेवून द्या. रात्रीची जेवणं आटोपली, टीव्ही बंद झाला, की पुन्हा उघडा.

बसलात? मग आधी तुमचा स्वतःचा धडधाकट हात मांडीवर ठेवा, तळवा वर करून. काही करू नका. बोटं आपोआप थोडी आत वळलेली असतील, अंगठा बाजूला कलला असेल. राहू द्या तसंच. दोन-चार श्वास जाऊ द्या.

आता पाचही बोटं हळूहळू उघडा. जितकी सावकाश उघडता येतील तितकी सावकाश. दुसऱ्या हाताची बोटं या हाताच्या कोपराखाली, मागच्या अंगाला टेकवा. बोटं उघडताना तिथे काहीतरी ताठ होतं, लागलं हाताला? बोटं उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, तिथे असतात. तिथून निघालेल्या लांब कंडरा मनगटावरून बोटांपर्यंत जातात. आणि त्या स्नायूंना हुकूम येतो तो डोक्याच्या विरुद्ध बाजूनं: उजवी मूठ उघडायची असेल तर डाव्या मेंदूकडून. जन्मापासून हे अगणित वेळा झालं असेल, पण आपण त्याकडे कधी पाहिलेलं नसतं.

मूठ मिटा. उघडा. पुन्हा एकदा मिटा, आणि या खेपेला उघडायच्या आधी क्षणभर थांबा.

आता डोळ्यांसमोर एक काम आणा. बारामती-इंदापूरकडे ज्वारीची भाकरी ज्या हातांनी तुमच्या ताटात आली, ते हात आठवा. आईचे, आजीचे, बायकोचे, कुणाचेही. परातीत पीठ, मध्ये आळं, आळ्यात गरम पाणी. डावा हात परात धरतो. उजव्या हाताची बोटं पीठ गोळा करतात, मग तळव्याचा मनगटाकडचा भाग ते पुढे रगडतो, बोटं परत ओढून आणतात, पुन्हा रगडणं. हे किती वेळा करायचं ते कुणी मोजत नाही. पिठाला चिकटपणा आला की हाताला कळतं. मग गोळा दोन्ही तळव्यांत फिरतो. परातीत कोरडं पीठ भुरभुरून त्यावर तो बसतो आणि थापणं सुरू होतं. बोटं सरळ, एकमेकांना लागून, मनगट सैल, आणि प्रत्येक थापेसरशी भाकरी थोडी फिरते. पुरेशी झाली की दोन्ही हातांनी अलगद उचलायची, तव्यावर टाकताना मनगट वळवायचं, वरून पाण्याचा हात फिरवायचा.

तुमचा हात मांडीवरून उचला आणि हे सगळं हवेत एकदा करून पाहा. लाजू नका. खांदा हात पुढे नेतो आहे, कोपर उघडतं आहे, मनगट मागे झुकतं आहे, बोटं सरळ होत आहेत, आणि यातलं प्रत्येक दुसऱ्याची वाट पाहून आपल्या वेळेला येतं आहे. एका भाकरीत हाताचं जवळजवळ सगळं ज्ञान येतं.

हे ज्ञान एका सकाळी जातं. मेंदूतली एखादी रक्तवाहिनी गुठळीनं तुंबते किंवा फुटते. बहुतेक वेळा तुंबते. मेंदूच्या प्रत्येक बाजूला एक मोठी मधली धमनी आहे, आणि अर्धांगवायूत बहुधा तीच सापडते. तिच्या वाट्याला मेंदूचा बाहेरचा पृष्ठभाग येतो, हाताचा आणि तोंडाचा कारभार तिथे चालतो. पायाचा भाग आत आहे, दोन गोलार्धांमधल्या फटीत, आणि त्याला रक्त दुसऱ्या धमनीतून मिळतं. म्हणून कितीतरी घरांत एकच गोष्ट दिसते: तीन महिन्यांत माणूस काठी घेऊन अंगणात चालू लागतो, आणि हात मात्र छातीशी दुमडलेला राहतो. माणूस चालला की घर सुटकेचा निःश्वास टाकतं. संडासला जातो, दारात जाऊन बसतो, देवळापर्यंत जाऊन येतो. हाताचं मग कुणी विचारत नाही, आणि काही दिवसांनी तो माणूसही विचारत नाही.

इथे थांबू या. त्या हाताकडे नीट पाहू या, कारण त्याच्याकडे बघणं घरात सगळेच टाळतात.

सुरुवातीला तो लुळा असतो. उचलला तर जड लागतो, सोडला तर पडतो. खांद्याच्या सांध्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, त्यामुळे दंडाचं हाड खोबणीतून थोडं खाली सरकतं; खांद्याखाली बोट रुतेल एवढी फट पडते. याच दिवसांत माणसाला बिछान्यातून उठवताना घरातले त्याला दंडाला धरून ओढतात. कृपा करून ओढू नका. त्या ओढण्यातून पुढे महिनोन्महिने खांदा दुखतो, आणि दुखणारा हात कुणीच हलवत नाही. पाठीमागून, खांद्याच्या पात्याखाली हात घालून उठवा. बसल्यावर हात लोंबकळू देऊ नका, उशीवर किंवा मांडीवर ठेवा.

काही आठवड्यांनी लुळेपणाच्या जागी ताठरपणा येतो. कोपर वाकतं, मनगट खाली झुकतं, बोटं आत वळतात, अंगठा मुठीत अडकतो. मूठ घट्ट मिटलेली पाहून घरच्यांना वाटतं, ताकद आली. मग मेडिकलमधून स्पंजचा चेंडू येतो, आणि आजोबा दिवसभर तो दाबत बसतात. पण मुठीला मिटणं आधीच येतं आहे, नको इतकं येतं आहे. अडलं आहे ते उघडणं. असा चेंडू बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टला विचारा, उघडण्यासाठी काय करायचं.

आणखी एक गोष्ट होते, ती ठाऊक असावी. जांभई आली की लुळा हात आपोआप वर उचलला जातो. आजी हरखते, शेजारी गोळा होतात, हात आला म्हणून नारळ फुटतो. जांभई संपते आणि हात पुन्हा खाली पडतो. यात कुणाची फसवणूक नाही. जांभईचा हुकूम मेंदूच्या जुन्या, खोलवरच्या भागातून निघतो आणि तुटलेल्या वाटेला वळसा घालून हातापर्यंत पोचतो, असं मानलं जातं. एवढं मात्र दिसतं की हात, त्याचे स्नायू, त्याच्या नसा जागेवर आहेत. वरून येणारा मार्ग मोडला आहे.

या मार्गाबद्दल थोडं मनात धरा. नीरा डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. एखादी चारी फुटली, बुजली, तर खालचं रान कोरडं पडतं; पण शेजारच्या चारीतून, बांधाच्या कडेनं, पूर्वी पाणी नव्हतं अशा दांडातून पाणी फिरवता येतं. एकदा सोडून भागत नाही. पहिलं पाणी जमिनीतच मुरतं. पुन्हा सोडावं लागतं, दारं धरून उभं राहावं लागतं, तेव्हा कुठे दांड भिजून वाहता होतो. मेंदूत मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्यांच्या शेजारच्या पेशी ते काम शिकू शकतात, आणि शिकतात त्या आवर्तनांनीच. पहिल्या तीन महिन्यांत हे शिकणं सर्वांत वेगानं होतं. नंतरही होतं, पण चढ लागतो.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली एक साधं निरीक्षण मांडलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिल्या तीन दिवसांत ज्या माणसाला बोटं थोडी तरी उघडता येतात आणि हात खांद्यातून बाजूला थोडा तरी उचलता येतो, त्याच्या हातात सहा महिन्यांनी काहीतरी कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के. दोन्ही येत नसेल तर सुमारे २५ टक्के. या दुसऱ्या आकड्याकडे मी बराच वेळ पाहत राहतो. चारांतला एक हात. तीन दिवसांनी निपचित पडलेला, सगळ्यांनी सोडून दिलेला, तरी चारांतला एक. असल्या हातावर कबुतराच्या रक्ताची मालिश करण्यात जे आठवडे जातात, ते परत मिळत नाहीत. त्या मालिशीनं काहीही होत नाही, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

आता पुढचा भाग घरच्यांसाठी आहे, आणि तो मनाला लागेल.

जेवणाची वेळ डोळ्यांसमोर आणा. वडील पाटावर किंवा खुर्चीवर बसले आहेत. पुढे पाण्याचं फुलपात्र आहे. त्यांची नजर त्याच्यावर गेली. उजव्या खांद्यात किंचित हालचाल झाली. इतकी किंचित की शर्टाची घडी तेवढी हलली. आणि तुमचा हात पुढे गेला. तुम्ही फुलपात्र उचललं, त्यांच्या ओठांना लावलं, वरून गमछ्यानं तोंड पुसलं. तुम्ही प्रेमानंच केलंत. पण ती शर्टाची घडी पुन्हा आठवा. तिथे एक प्रयत्न निघाला होता. तो अर्ध्या वाटेवर असताना काम झालं होतं.

असं दिवसातून वीस-तीस वेळा होतं. बटण, चप्पल, घास, चहाचा कप. महिन्याभरात त्या हाताला कळतं की आपली गरज नाही. एडवर्ड टॉब या अमेरिकी शास्त्रज्ञानं माकडांवरच्या प्रयोगांत हे पाहिलं होतं: हात वापरता येण्याजोगा असूनही, सुरुवातीच्या अपयशांनंतर प्राणी तो वापरायचंच सोडून देतो. त्यातून त्यानं माणसांसाठी एक उपचार काढला. चांगल्या हातावर दिवसभर हातमोजा चढवायचा आणि सगळी कामं दुखऱ्या हाताकडून करून घ्यायची. २००६ साली या उपचाराची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. २२२ रुग्ण, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले, दोन आठवडे उपचार, जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगला हात बांधलेला. ज्यांची बोटं आणि मनगट थोडं तरी उघडत होतं अशांनाच यात घेतलं होतं. त्यांचे हात सुधारले, आणि सुधारणा वर्षभर टिकली.

घरच्या घरी चांगला हात बांधायला जाऊ नका, पडण्याची भीती असते. पण त्यातलं सार घ्या. पुढच्या वेळी वडिलांची नजर फुलपात्राकडे जाईल, तेव्हा तुमचे दोन्ही हात मांडीवर ठेवा. मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे फार लांब वाटतात, घशाशी येतं, शेजारचे म्हणतील की मुलगा नुसता बघत बसलाय. मोजत राहा. हात निघाला, अर्ध्यात अडला, तर जिथे अडला तिथून त्याला कोपराखाली आधार द्या, आणि पुढचं अंतर दोघं मिळून पार करा.

आता हाताचा सराव करून घेणाऱ्या यंत्राबद्दल. यंत्राचं मोल मला पटलं ते इथेच.

चांगलं पुनर्वसन यंत्र नेमकं हेच करतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आणि मद्रास आयआयटीनं मिळून तयार केलेलं प्लूटो हे यंत्र घ्या. टेबलावर मावेल एवढं, आत एक मोटर, आणि पुढे बदलता येणाऱ्या मुठी. एक मूठ मनगट खाली-वर करण्यासाठी, एक पंजा उलटासुलटा करण्यासाठी, एक बोटं उघडण्या-मिटण्यासाठी. समोर पडद्यावर साधा खेळ असतो. बोटं उघडली की चेंडू वर, मिटली की खाली. अशा यंत्रांत हात जिथपर्यंत आपल्या बळावर जातो तिथपर्यंत यंत्र त्याला जाऊ देतं. अडला की उरलेलं अंतर पार करायला मदत करतं. उद्या तोच हात बोटभर पुढे गेला तर मदत तेवढी कमी करतं. ते दमत नाही, त्याला कणव येत नाही, स्वयंपाक करपत नाही, आणि शंभराव्या खेपेलाही ते पहिल्याच खेपेसारखं थांबतं.

शंभरावी खेप महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली उपचारकेंद्रांत बसून प्रत्यक्ष मोजलं. हाताच्या कामाचा सराव ज्या सत्रांत झाला, त्यांत तो सरासरी ३२ वेळा झाला. प्राण्यांच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले होते, तिथे रोज शेकड्यांनी आवर्तनं होती. बत्तीस आणि काही शे, या दोन आकड्यांच्या मधली दरी फिजिओथेरपिस्टच्या आळसाची नाही. एका माणसाचे हात, एक तास, आणि बाहेर बाकावर बसलेले पुढचे रुग्ण, याची ती दरी आहे. एमआयटीत नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९९०च्या दशकात हातासाठीचा पहिला गाजलेला रोबो बनवला तो ही दरी बुजवण्यासाठीच. त्याच्यावर एका बैठकीत हजाराच्या आसपास हालचाली होऊ शकत.

तर मग यंत्र आणलं की झालं? तसं नाही, आणि ते स्पष्ट सांगायला हवं. २०१९ साली ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर केलेली चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. एका गटाला आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे, रोबोवर सराव दिला होता. त्यांच्या हाताची हालचाल नेहमीच्या उपचारांच्या मानानं थोडी सुधारली. पण ती सुधारणा कामापर्यंत पोचली नाही. हात यंत्रावर अधिक हलला, घास मात्र तिथेच राहिला.

आणि उलट बाजूही पाहा. २०१७ साली त्याच नियतकालिकात आपल्या देशातली चाचणी आली होती. १४ रुग्णालयं, १,२५० रुग्ण. घरातल्या एका माणसाला व्यायाम शिकवायचे आणि पुनर्वसन त्याच्यावर सोपवायचं, अशी कल्पना. ती कल्पना फार जणांना आवडली होती, मलाही आवडावी अशीच होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत परावलंबी राहिलेल्यांचं आणि दगावलेल्यांचं प्रमाण सारखंच निघालं.

या दोन निकालांशेजारी थोडा वेळ बसू या. मन लगेच म्हणतं, म्हणजे कशाचाच उपयोग नाही. मला तसं वाटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे यंत्र हालचाल देतं, आवर्तनं देतं. घर माया देतं आणि रोजचा दिवस देतं. हालचालीला कामात कसं बदलायचं, हे जाणणारं माणूस या दोघांच्या मध्ये लागतं. उघडलेली बोटं फुलपात्राच्या काठापर्यंत कशी न्यायची, अर्धी उघडणारी मूठ परात धरायला कशी वापरायची, हे त्या माणसाला दिसतं.

अशा माणसांची पहिली शाळा या देशात जिनं काढली, तिचं घराणं नीरेच्या पलीकडे, बारामतीपासून तीसेक किलोमीटरवर फलटणला आहे. कमला निंबकर. जन्म १९०० सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतला, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० साली त्या इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं शिक्षण सुरू केलं. १९५२ साली देशभरच्या थेरपिस्टांची संघटना उभी राहिली तीही त्यांच्या पुढाकारानं. मुलगा बनबिहारी यांनी फलटणला शेती संशोधनाचं मोठं काम केलं, आणि तिथल्या शाळेला आज कमला निंबकर बालभवन असं नाव आहे. ऑक्युपेशनल थेरपीचं म्हणणं असं की हात बरा करायचा तो त्या माणसाच्या कामासाठी. सुतार असेल तर त्याच्या रंध्यासाठी, बाई भाकरी करणारी असेल तर भाकरीसाठी. पंचाहत्तर वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि आज पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एखाद्या गावात फिजिओ म्हणजे काय ते लोकांना ठाऊक आहे, पण हाताला कामाकडे नेणारा थेरपिस्ट फार थोड्यांनी पाहिला असेल.

आता आपल्या शेजारच्या माणसाकडे वळू या. पुढचं त्यांच्यासाठी आहे. हळू वाचा, प्रत्येक वाक्यानंतर थांबा.

दादा, आई, नाना, जे कुणी असाल ते, पाय जमिनीला टेकवून नीट बसा. दुखरा हात पुढे टेबलावर किंवा उशीवर ठेवा. त्याच्याकडे बघा. बरेच दिवसांत असं बघितलं नसेल.

आधी चांगल्या हातानं एक काम करा. फुलपात्राकडे जा, बोटं उघडा, ते धरा, सोडा. सावकाश. कुठे काय ताणलं गेलं, धातू किती गार लागला, ध्यानात ठेवा.

डोळे मिटा. तेच काम आता दुखऱ्या हातानं करता आहात असं मनात आणा. बाहेरून पाहू नका, आतून करा. खांदा पुढे जातो आहे. कोपर उघडतं आहे. बोटं एकेक करून सुटत आहेत. गार धातू तळव्याला लागला. घाई नाही, मनातसुद्धा नाही. प्रत्यक्ष व्यायामाच्या जोडीला असा मनातला सराव केला तर हाताला मदत होते, असं अभ्यासांत दिसलं आहे. कल्पना करताना मेंदूचे हालचालीचे भागही जागे होतात.

डोळे उघडा. आता खरंच करा. जेवढं होईल तेवढंच. नुसतं बोट थरथरलं तरी ते आजचं काम आहे. दुखलं तर थांबा. पुन्हा करा. शेजारच्यांनी मोजा आणि वहीत लिहा.

वारी केलेले असाल तर टाळ घ्या. तुकोबांची पालखी दर आषाढीला बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते; या पट्ट्यातल्या फार हातांना टाळाची लय ठाऊक आहे. एक टाळ चांगल्या हातात, दुसऱ्याची दोरी दुखऱ्या हाताच्या बोटांना सैल गुंडाळून. ताल धरा. दोन्ही हात मिळून, ठेक्यावर केलेला सराव बाल्टिमोरच्या संशोधकांनी २००० साली तपासला आणि दीर्घकाळ पडून राहिलेल्या हातांतही फरक पाहिला. तिथे त्यांनी ठेक्यासाठी यंत्र लावलं होतं. इथे भजनाच्या फडात बसता येतं.

आता सगळे हात मांडीवर घ्या. विसावा.

शेवटी जे म्हणायचं आहे ते मनातल्या मनात ठेवण्याजोगं नाही. इंदापूरहून पुणे सुमारे १४० किलोमीटर आहे, बारामतीहून शंभर. रोजचा सराव इतक्या लांब जाऊन होत नाही. पोराचा रोज बुडतो, गाडीभाडं लागतं, दुसऱ्या आठवड्यात जाणं थांबतं. आणि हाताचे सर्वांत चांगले दिवस पहिल्या तीन महिन्यांतले असतात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी असे साखर कारखाने आहेत, ज्यांच्या सभासदांत आणि तोडणी कामगारांत उच्च रक्तदाबाची, तंबाखूची, म्हणून झटक्याची माणसं असणारच. यातल्या प्रत्येक ठिकाणी हाताची दोन-चार साधी यंत्रं आणि एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट असावा. यंत्रं तीन महिन्यांच्या बोलीनं घरी द्यावीत, आणि थेरपिस्टनं आठवड्याला घरी येऊन पाहावं की हात कुठल्या कामाला लागला. उसाच्या शेतात यंत्रं आणि सेन्सर लावून पाहणारा हा भाग आहे. माणसाच्या हातासाठी एवढं करणं त्याला अवघड नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या तालुक्याच्या रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे ही मागणी लेखी द्या, पोच घ्या. कारखान्याच्या वार्षिक सभेत विषय मांडा. आणि ज्यांना अजून काही झालेलं नाही, पण बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडली आहे, त्यांना ती उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करायला लावा आणि याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.